जाडटायरी सायकलवरून पुळण, सडा आणि बर्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवेआगर ते गुहागर हा किनारा मी जाडटायरी सायकलवरून तुकड्या-तुकड्यांत बऱ्याचदा केला आहे आणि एका जानेवारीत तीच सायकल हिमाचलातल्या स्पितीत नेली होती. त्यानंतर येणारे फोन आणि मेसेज जवळपास तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू आणि सडा म्हणजे जांभ्याचं कातळपठार.

फॅट बाइक, म्हणजे आपली जाडटायरी, नक्की काय असते?

आपल्याकडे ‘बाइक’ म्हटलं की आधी बुलेट डोळ्यांसमोर येते, म्हणून सांगतो: ही पायडल मारायचीच सायकल आहे. साध्या एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) टायर दोन-सव्वादोन इंच रुंद असतो, हिचा पावणेचार ते पाच इंच. एवढा टायर बसवायचा म्हणून रिमही ६५ ते १०० मिलिमीटर रुंद, फोर्क रुंद, मागचा हब लांब आणि पेडलांमधलं अंतरही जास्त. पहिल्या दिवशी मांड्या ताणल्यासारख्या वाटतात, दुसऱ्या दिवशी विसर पडतो. वजन साधारण १४ ते १८ किलो.

आणि बाइकपॅकिंग?

कॅरिअरला दोन मोठ्या पिशव्या लटकवण्याऐवजी सामान सायकलच्या अंगालाच बांधायचं आणि डांबरी सोडून मिळेल त्या वाटेने मुक्कामाला जायचं. बाकी सायकल टूरच.

हे खूळ आलं कुठून?

बर्फातून आणि वाळूतून, दोन्हीकडून. अलास्कातल्या सोन्याच्या मागे धावणाऱ्यांपैकी एड जेसन आणि मॅक्स हिर्शबर्ग हे १९०० साली कॅनडातल्या डॉसनहून अलास्कातल्या नोमला चक्क सायकलवरून गेले. जवळपास १,६०० किलोमीटर, गोठलेल्या युकॉन नदीवरून, कुत्र्यांच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीतून, आणि तेही त्या काळच्या साध्या सायकलींवर. शेवटच्या टप्प्यात हिर्शबर्गची चेन तुटली, तेव्हा त्याने कोटाचं शीड उभारून वाऱ्यावर सायकल हाकली.

१९८७ मध्ये अलास्कात आयडिटाबाइक ही हिवाळी शर्यत सुरू झाली आणि रुंद चाकाची गरज सगळ्यांनाच जाणवू लागली. लोक दोन रिम शेजारी-शेजारी जोडून बघत होते. फेअरबँक्सच्या सायमन रॅकॉवर यांनी ४४ मिलिमीटरची स्नोकॅट रिम काढली. तिकडे न्यू मेक्सिकोत रे मोलिना यांनी वाळवंटासाठी ८० मिलिमीटरच्या रिम आणि साडेतीन इंची टायर बनवले. म्हणजे बर्फवाल्यांना हवं असलेलं चाक वाळूवाल्यांनी आधीच करून ठेवलं होतं. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्स्ली ही सायकल ३.७ इंची टायर घेऊन बाजारात आली, तेव्हा कुठे ही सायकल दुकानात जाऊन विकत घेता येऊ लागली.

दक्षिण ध्रुवाचंही विचारतात. डिसेंबर २०१३ मध्ये मारिया लायरस्टॅम तिथे तीन चाकी, झोपून चालवायच्या सायकलवर पोहोचली आणि जानेवारी २०१४ मध्ये डॅनियल बर्टन दुचाकी सायकलवर. दोघांचेही टायर जाड.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

माझ्या पहिल्या खेपेला मी दिवेआगरला २० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरून उतरलो. सुरूच्या बनातून बाहेर पडलो आणि वीस फुटांत चाक रुतलं. तीनदा पडलो. जाळी विणत बसलेले एक काका बघत होते. म्हणाले, “हवा काढा की थोडी. बोट ओढायला ट्रॅक्टर आणतो तेव्हा त्याची पण काढतो आम्ही.” मी अर्धी हवा काढली आणि सायकल चालायला लागली. जाडटायरीचं शास्त्र म्हणून मी पुढे जे वाचलं, ते या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं जात नाही.

हिशेब सोपा आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा, म्हणजे प्रत्येक चाकावर ५० किलो. ३० पीएसआयला टायर जमिनीवर साधारण २४ चौरस सेंटिमीटर टेकतो, ८ पीएसआयला सुमारे ९०. तेच वजन चौपट जागेवर पसरतं, म्हणून चाक बुडत नाही. टायर नुसता रुंद असून उपयोग नाही, तो पसरला पाहिजे.

माझं वजन ७५ किलो, सामान दहा-बारा किलो, टायर चार इंची. मी असे आकडे धरतो: ओल्या, घट्ट पुळणीवर ८ ते १०, कोरड्या मऊ वाळूत ५ ते ६, सड्यावर आणि मातीच्या वाटेवर १० ते १२, डांबरीवर १५ ते १८, ताज्या भुसभुशीत बर्फात ३ ते ५. तुमचे आकडे एक-दोनने इकडेतिकडे होतील. पण इथे एक-दोनचा फरक म्हणजे फार मोठा फरक. ६ वरून ५ वर आल्यावर ढकलत नेत असलेली सायकल चालवता आल्याचा अनुभव मी घेतला आहे.

म्हणून ० ते १५ पर्यंतच दाखवणारा हवामापक घ्या. कारच्या मापकाचा काटा या पातळीवर नीट हलतसुद्धा नाही. आणि पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेलात तर नळी त्याच्या हातात देऊ नका. एवढ्या मोठ्या टायरला आठ हवा यावर त्याचा विश्वास बसत नाही. तो सवयीने चाळीस मारून मोकळा होतो.

मऊ वाळूत चालवायचं कसं?

हलक्या गिअरवर, बसूनच. उभं राहून जोर लावला की मागचं चाक जागच्या जागी खड्डा खणतं. हँडल घट्ट धरू नका. पुढचं चाक थोडं भरकटणार, भरकटू द्या. वळायचं तर लांबून वळा, झटक्यात हँडल फिरवलं की पुढचं चाक नांगरासारखं घुसतं. थांबायची वेळ आलीच तर घट्ट जागा बघून थांबा, मऊ वाळूत पुन्हा सुरुवात करणं सगळ्यात जड जातं.

आणि उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू कोणालाच फार वेळ चालवता येत नाही.

भरती-ओहोटीचं गणित कसं जमवायचं?

किनाऱ्यावरची सहल तुमच्या सुट्टीवर ठरत नाही, तिथीवर ठरते. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू हाच आपला रस्ता. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि उरते ती वरची मऊ वाळू.

कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, ते या पाऊणपटीत जवळपास बसतं. ठोकताळा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी लागते. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी, पण नेट नसताना कालनिर्णय आणि ही पाऊणकी यांवर माझे कित्येक दिवस निघाले आहेत.

आता यातून सायकलस्वाराला काय मिळतं? अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत सकाळची ओहोटी साधारण पावणेसात ते नऊच्या दरम्यान येते. ऊन चढायच्या आत, ऐन थंड वेळेला. शिवाय हे उधाणाचे दिवस, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. पाणी फारसं हलत नाही, पट्टा अरुंद राहतो आणि ओहोटी लागते ती भर दुपारी बाराला. अष्टमीला धरून मी कधीही निघत नाही.

ओहोटीच्या आधी दोन तास उतरा आणि नंतर तासाभरात वर या. एकदा मी सायकल खडकाला टेकवून पोहे खायला गेलो. गप्पा रंगल्या. परत आलो तेव्हा दोन्ही हब पाण्यात होते. पुढच्या आठवड्यात छर्रे बदलावे लागले.

खाडीचं मुख ओहोटीला ओलांडता येतं का?

नाही. वरून सपाट दिसणारी वाळू तिथे खाली गाळाची असते, ओढ जोरात असते आणि जाड टायर तिथे काहीही करत नाही. पुलावरून जा किंवा फेरीबोट घ्या.

पहिल्या खेपेसाठी मार्ग सुचवा.

दिवेआगरहून निघा. पुळणीवर हात साफ करा, मग रस्त्याने श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. हरिहरेश्वरची बाजू खडकाळ आहे, तिथे दर्शन घ्यावं आणि पुढे व्हावं. बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट, सायकल सहज चढते. मग बाणकोट, वेळास, केळशी. केळशीच्या खाडीजवळ वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्यावर सायकल नेऊ नका, आधीच झिजते आहे बिचारी. पुढे आंजर्ले, हर्णै. मुरुड ते कर्दे हा सलग पट्टा शिकाऊ माणसासाठी उत्तम, फक्त सुट्टीच्या दिवशी नको, तेव्हा तिथे घोडे, उंट, जीपा असं सगळंच असतं. नंतर लाडघर, बुरोंडी, दाभोळ आणि वाशिष्ठीवरून फेरीने धोपावे. गुहागरची सरळ लांब पुळण शेवटी आली की पाच दिवसांचा शीण जातो. आणखी दिवस असतील तर तवसाळहून जयगडला फेरी आहेच.

खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त अंतर डांबरी घाटांचं आहे. एका गावातून दुसऱ्या गावात जाताना डोंगराची सोंड ओलांडावीच लागते आणि सोळा किलोची सायकल जाड टायरवर त्या चढात जीव काढते. कोकणात ‘किनाऱ्याने सपाट जाऊ’ असं म्हणणारा माणूस कोकणात गेलेला नसतो.

रोज किती किलोमीटर होतात?

घट्ट पुळणीवर ताशी १२ ते १५, मऊ वाळूत ५ ते ७. वरचा मार्ग धरला तर दिवसाला ३५ ते ४०. ज्यांना रोज शंभर करायचे आहेत त्यांनी ही सायकल घेऊ नये.

कासवांच्या किनाऱ्यावर सायकल चालवली तर चालते का?

वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, म्हणजे नेमकी आपल्या सहलींच्या दिवसांत. मादी रात्री येते आणि भरतीरेषेच्या वर घरटं करते. म्हणून दोन नियम: अंधारात किनाऱ्यावर जायचं नाही, हेडलाइट लावून तर नाहीच, आणि दिवसा भरतीरेषेच्या खालीच राहायचं. तंबूही वाळूत ठोकू नका. गावात घरगुती राहण्याची सोय असते, उकडीचे मोदक मिळायची शक्यता असते, तंबूचा हट्ट कशाला?

खाऱ्या पाण्याने सायकल खराब होते का?

होते, आणि वाटतं त्याहून लवकर. एका रात्रीत चेन तांबूस होते. लाटांमधून पाणी उडवत जाण्याचे फोटो छान येतात. ते काढणाऱ्याची सायकल बहुधा भाड्याची असते.

मुक्कामी पोहोचल्यावर, आंघोळीच्या आधी, सायकलवर दोन बादल्या गोडं पाणी ओता. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, वाळू बेअरिंगमध्ये ढकलली जाते. चेन फडक्याने पुसून पुन्हा वंगण, तेही थोडंच. तेलकट चेनला वाळू चिकटते आणि पॉलिशकागदासारखी दाते खाते. सीटपोस्ट आणि पेडलांच्या आट्यांना निघण्याआधीच ग्रीस लावून ठेवा, नाहीतर परत आल्यावर ते निघत नाहीत. ब्रेक किरकिरायला लागले की पाण्याने धुवा, सहसा आत वाळूचा कण असतो.

सामान कुठे आणि किती?

जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणातल्या पिशवीत: हत्यारं, पाणी, खाणं. कपडे सीटमागे. हँडलवर फक्त हलकं, झोपायची पिशवी वगैरे. पुढे वजन टाकलं की वाळूत पुढचं चाक बुडतं. बारा किलोवर जाऊ नका.

कोकणात पाणी तीन लिटर पुरतं, दर काही किलोमीटरवर गाव आहे आणि गाव तिथे कोकम सरबत. एवढं सगळं खायला मिळतं तिथे स्टोव्ह नेणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं.

पंक्चरचं काय?

समुद्रकिनारी कमी, आत शिरल्यावर जास्त. बाभळीचे काटे आणि सराटे हे खरे शत्रू. ट्यूबलेस करून आत सीलंट टाकलं तर बहुतेक काटे कळतसुद्धा नाहीत, पण आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी बघा.

जाड टायरची ट्यूब तालुक्याच्या गावात मिळणार नाही. एक सोबत ठेवाच. अगदीच अडलं तर २६ इंची साध्या एमटीबीची ट्यूब आत टाकून हळूहळू पुढच्या मुक्कामापर्यंत जाता येतं. ती ताणून पातळ होते, भरवसा ठेवू नका. छोट्या हातपंपाने हा टायर भरायला शेकड्याने दट्टे मारावे लागतात. ग्रुपमध्ये असाल तर पाळी लावा.

दगडधोंड्यांवर सस्पेन्शनची गरज लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. जांभ्याच्या सड्यावर, छोट्या खडबडीवर जाड टायर गादीसारखा वागतो. पण तो धक्का गिळत नाही, परत फेकतो. उतारावर वेग वाढला की सायकल चेंडूसारखी उडायला लागते, आणि जितकी हवा जास्त तितकी जास्त उडते. हवा फार कमी केली तर दगडावर रिम आपटते. सड्यावर म्हणूनच मी दहाच्या खाली येत नाही आणि उतारावर ब्रेक सोडत नाही.

बर्फात नेण्यासाठी वेगळं काय लागतं?

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, त्यामुळे लोकांना वाटतं जाड टायर म्हणजे बर्फावर पकड. भुरभुरीत किंवा गाडीने दाबलेला बर्फ असेल तर जाड टायर कामाचा. काचेसारखा गोठलेला असेल तर रुंदीचा काही उपयोग नाही, तिथे खिळे असलेलेच टायर लागतात. स्पितीत हिवाळ्यात बरीचशी पंचाईत दुसऱ्या प्रकारची असते: दुपारी रस्त्यावर वितळलेलं पाणी वाहतं आणि संध्याकाळी त्याची काच होते. मी ज्या वळणावर आपटलो तिथे रस्ता नुसता ओला दिसत होता.

हिवाळ्यात कुंझुम घाट बंद असतो, म्हणून किन्नौरकडून जावं लागतं: रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा. काझा सुमारे ३,८०० मीटरवर आहे. वाटेत मुक्काम वाढवा, डोकं दुखायला लागलं तर वर जाऊ नका. रात्री उणे २० च्या खालीही जातं.

थंडीत हवेचा हिशेब पुन्हा बदलतो. घरी ३० अंशांना भरलेली ८ पीएसआय हवा उणे २० अंशांत साधारण निम्मी होते. उलट उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी, त्यामुळे टायर कडक होतो. दोन्ही एकमेकांना कापतात, पण नेमके किती ते सकाळी मापक लावल्यावरच कळतं. मापक बाहेर काढायला हातमोजा काढावा लागतो, तेवढ्यात बोटं बधिर होतात, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

हातांसाठी हँडलवर बसणाऱ्या जाड पिशव्या मिळतात, त्यांत हात घालून ब्रेक दाबता येतो. नुसते मोजे पुरत नाहीत. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत ठेवा, नळीवाली पिशवी पहिल्या तासात गोठते. मोबाइलही आतल्या खिशात. चढावर घाम येऊ देऊ नका, एक थर आधीच काढा. ओला बनियन थांबल्यावर जीवावर बेततो. तेलाचे ब्रेक कडाक्यात बेभरवशाचे होतात, त्यापेक्षा वायरचे बरे. मागच्या हबमधलं साधं ग्रीस घट्ट होऊन आतली दाती चिकटते आणि पेडल रिकामं फिरतं. थंडीचं पातळ ग्रीस भरून घ्या.

आणि पहाटे निघा. दाबलेला बर्फ उन्हाआधी रस्ता असतो, अकरानंतर चिखल.

कच्छच्या रणात?

हिवाळ्यात, पूर्ण सुकल्यावर. मिठाच्या पापुद्र्याखाली ओला चिकट गाळ असेल तर तो चाकांभोवती गोळा होऊन ती फिरायची थांबतात. टायर जितका रुंद तितका गाळ जास्त. सरहद्दीकडच्या भागात परवाना लागतो.

दहा-पंधरा हजारांची फॅट सायकल चालेल का?

दिवेआगरला संध्याकाळी फेरी मारायला छान. मुक्कामी फिरायला नको. लोखंडी, वीस किलोच्या आसपास, गिअर अपुरे, आणि टायर इतका कडक की हवा काढली तरी पसरत नाही. त्यापेक्षा कोणाची तरी चांगली सायकल दोन दिवस मागून घ्या. पुण्या-मुंबईत जाडटायरी सायकल घेऊन गॅलरीत ठेवलेली बरीच मंडळी आहेत. हवा भरून दिली तरी खूश होतात.

ट्रेनने किंवा बसने नेता येते का?

येते. दोन्ही चाकं काढा आणि हवा पूर्ण सोडा, चपटी झाल्यावर ती निम्म्या जागेत मावतात. रेल्वेत पार्सल कार्यालयात आदल्या दिवशी जाऊन चौकशी करा आणि गाडी जास्त वेळ थांबते असंच स्टेशन निवडा. खासगी बसवाल्याला आधी फोटो दाखवा. ‘सायकल आहे’ एवढंच फोनवर सांगितलं तर तो डिकीत लहान मुलाची सायकल कल्पून हो म्हणतो आणि रात्री साडेदहाला वाद होतो.

किनाऱ्यावर कुत्री मागे लागतात का?

लागतात, सकाळी जास्त. वाळूत त्यांच्यापेक्षा जोरात पळता येत नाही. उतरा, सायकल मध्ये ठेवा आणि चालत राहा. पुढच्या टोळीची हद्द आली की ती आपणहून थांबतात.